सांडवण्याची गिळण

जरा मागे उभे राहा, मंडळी. वळवाच्या सरींनी कडेचं गवत हिरवंगार दिसतं, पण त्याच्या खाली जमीन असेलच असं नाही. ही समोर परातीसारखी खोलगट जागा दिसते ना, तिला आमच्या गावात, सांडवण्यात, गिळण म्हणतात. पावसाळ्यात सगळ्या सड्याचं, म्हणजे या कातळी पठाराचं, पाणी या पऱ्यातून, या ओढ्यातून, वाहत येतं, परातीत उतरतं, त्या काळ्या दगडांच्या फटीपाशी एक गिरकी घेतं आणि नाहीसं होतं. पुढे पऱ्या नाही. पलीकडे नुसता कोरडा कातळ आहे.

इथून कडा उतरून गेलात की खालची वाडी लागते. तिथे फणसांच्या सावलीत उपळ आहे. उपळ म्हणजे जमिनीतून आपसूक वर येणारं पाणी. कुणी विहीर खणली नाही, कुणी पाट काढला नाही. ऐन वैशाखात आसपासच्या विहिरी तळ दाखवतात तेव्हाही तिथली धार चालू असते. आता या दोहोंमधला उतार बघा. कुठे शेताचा बांध मधेच वाकलाय, कुठे आंबा कललाय, कुठे गुडघाभर खळगा पडलाय, आणि हे सगळं एका ओळीत. पाणी ज्या वाटेने खालून जातं त्या वाटेवर जमीन हळूहळू बसत जाते. त्या ओळीवर आमच्यात कुणी घर बांधत नाही.

पूर्वी हे असं नव्हतं म्हणे. पूर्वी इथे सपाट सडा होता, आणि पऱ्या पार कड्यापर्यंत वाहत जाऊन खाली कोसळायचा. उपळ तेव्हाही होती, पण तिचं पाणी कुठून येतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. देवीची कृपा म्हणायचे आणि हात जोडायचे.

त्या काळी खालच्या वाडीतली आवडा वरच्या वाडीत दिली होती. तिचा नवरा धाकू हा चिरे काढणारा. जांभा दगड पहारीने मोकळा करायचा, तासायचा आणि लोकांची घरं उभी करायची, हा त्याचा धंदा. घरात हे दोघं आणि धाकूची आई तानाबाई. मूलबाळ अजून नव्हतं. वरच्या वाडीला माघापासून पाणी नसायचं, म्हणून बायका रोज कडा उतरून उपळीवर यायच्या. इतर बायका त्या उतरणीला शिव्या घालत. आवडा घालत नसे. कळशी भरता भरता तिला आई भेटायची, भावाची पोरं पदराला झोंबायची. रोज माहेर मिळणारी बाई अख्ख्या मुलखात ती एकटीच, असं धाकू थट्टेनं म्हणायचा.

धाकूला सड्याची पारख होती. पहार आपटली की आवाजावरून तो सांगायचा, इथे दगड भरीव आहे, इथे पोकळ. "वरती कातळ कडक हाय," तो आवडाला सांगायचा, "पण खालची माती लोण्यासारखी. पाणी मुरतं नि ती माती घेऊन जातं. कातळ आपला छपरासारखा तसाच. वरनं काय कळायचं नाय." पऱ्याच्या या वळणावर पहार फार पोकळ वाजते, म्हणून त्याने इथे कधी खाण काढली नाही. गुरांनाही तो इकडून हाकलायचा.

त्या वर्षी श्रावणात पाऊस हटतच नव्हता. एका दुपारी आवडा सड्यावरच्या वाफ्यात नाचणी लावत होती. पाठीवर पावसाचं पानांचं इरलं, पाय चिखलात. पलीकडे धाकू एका चुकार वासराला या वळणावरून परतवत होता. तिने मान वर केली तेव्हा त्याचं इरलं तिला दिसलं. ती पुन्हा वाकली, हातातली रोपं लावली आणि मान वर केली तेव्हा तिथे काही नव्हतं. मोठा आवाजही झाला नाही म्हणे. घरातलं जड दार कुणी सावकाश लोटावं तसा एक आवाज आला आणि जमीन खाली गेली. धाकू गेला, वासरू गेलं, आणि मग तिच्या डोळ्यांदेखत पऱ्याने आपली वाट सोडली आणि तो त्या भोकात वळला.

माणसं धावली. दोर सोडले, बांबू घातले. पण सगळ्या सड्याचं पाणी त्या तोंडातून आत कोसळत होतं. कोण उतरणार? पाऊस ओसरल्यावर दोघे जण कमरेला दोर बांधून उतरले. त्यांना आत तिरकी, अंधारी पोकळी लागली. ती पुढे निमुळती होत गेली होती. धाकू नव्हता, वासरूही नव्हतं.

आता पंचाईत अशी झाली की माणूस गेला म्हणावा तर प्रेत नाही. अग्नी कशाला देणार? तानाबाई म्हणाली, "माजा लेक मेला असं म्हणणाऱ्याचं तोंड मी बघणार नाय. कुठंतरी बाहेर निघाला असंल. येईल." तिने सुनेला कुंकू पुसू दिलं नाही. देव्हाऱ्यातल्या हळदीच्या करंड्यातून ती रोज सकाळी स्वतः सुनेच्या कपाळाला बोट लावायची. आवडा कपाळ पुढे करायची. कधी नको म्हणाली नाही, कधी हो म्हणाली नाही.

ती रडली नाही. वाडीतल्या बायका येऊन गळ्यात पडल्या. त्यांनी हंबरडे फोडले, तिच्या पाठीवर हात फिरवले. "रड गो बाय. मोकळी हो." आवडा त्यांना बसायला पाट द्यायची. नाचणी लावायची राहिली होती, ती तिने लावून पुरी केली. एकदा भातखाचरातून आली तेव्हा तिच्या पोटरीला जळू चिकटून टम्म फुगली होती, रक्त घोट्यापर्यंत आलं होतं. सासूने ओरडून दाखवलं तेव्हा तिने खाली पाहिलं. एकदा भाकरी उलटताना बोट तव्याला टेकलं, तर ती ते भाजलेलं बोट चुलीच्या उजेडात धरून दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखी बघत राहिली. आमटीत कधी मीठ नसायचं, कधी दोनदा पडायचं. तानाबाई मुकाट्याने जेवायची. लोक आधी हळहळले, मग कुजबुजले. नवऱ्यावर जीवच नव्हता म्हणाले. तेही तिच्या कानांवर आलं, आणि कानांवरच राहिलं.

दिवाळी झाल्यावर वरच्या वाडीचे गावकर, म्हणजे वाडीचे प्रमुख, राणोजी, ज्यांना सगळे तात्या म्हणत, त्यांनी वाडी बोलावली. तात्या वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "हे तोंड उघडं ठेवलं तर अजून गुरं जातील, पोरं जातील. आपण ते बुजवू. धाकूलाही आपल्या हातची माती मिळेल. आणि पऱ्याचं पाणी हितंच थांबलं तर वाडीला तळं होईल."

कुणाला यात वावगं दिसलं नाही. वाडीने ओंडके आणले, धोंडे आणले, वरून चिकणमाती घालून चोपली. आवडानेही इतरांबरोबर पाट्या वाहिल्या. सगळ्यात वर एक घडीव चिरा बसवला, धाकूनेच तासून ठेवलेला. ती धाकूची जागा झाली. आवडा रोज तिथे एक फूल ठेवून यायची. विचारलं असतं की हे कशासाठी, तर तिला सांगता आलं नसतं. सकाळ झाली की शेण काढायचं, पाणी भरायचं, फूल ठेवायचं, असं ते होतं.

पुढच्या पावसाळ्यात खरंच तळं झालं. चिरा पाण्याखाली गेला, आणि फूल काठावर ठेवलं जाऊ लागलं. वरच्या वाडीने आयुष्यात पहिल्यांदा मार्गशीर्षात कुळथाला पाणी दिलं. माघ आला तरी बायकांना कडा उतरावा लागला नाही. त्या तळ्यावर धुणी धुवायच्या आणि हसायच्या. धाकूने वाडीला पाणी दिलं, असं जो तो म्हणू लागला. आवडाही तळ्यावरच भरू लागली. माहेर खालीच होतं, पण जायचं काही कारण उरलं नव्हतं, आणि कारणाशिवाय तिचे पाय उचलत नव्हते.

चैत्रात एका सकाळी तिची आई कडा चढून आली. म्हातारी बाई, छातीचा भाता झालेला, काखेत रिकामी कळशी. अंगणाच्या कडेला कळशी ठेवून ती खालीच टेकली. तिचे ओठ फुटले होते.

"पाणी दे गो थोडं," ती म्हणाली. "तुज्या भावाच्या पोरांना. मी नाय पिणार."

आमच्याकडे लेकीच्या घरचं पाणी आईबापाने पिऊ नये, अशी रीत. लेकीला मूल होईपर्यंत तर नाहीच. ती बाई कोरड्या घशाने तेवढा कडा चढून आली होती आणि लेकीने पुढे केलेल्या तांब्याकडे तिने मान फिरवली.

"उपळीवर का नाय भरलं?" आवडाने विचारलं.

"उपळ पौषातच गेली. तुला कुणी सांगितलं नाय? तिथं आता वाळू हाय नुसती. कोंबडं दिलं, नारळ दिला. देवी कोपली म्हणतात. दोन घरं सामान बांधून बसलीत."

आवडाने कळशी भरून दिली. आई उतरून गेली. आवडाला वाटायला हवं होतं ते काही वाटलं नाही. पण डोकं चालू होतं. ते कधी थांबलंच नव्हतं. तिने आयुष्यभर उपळीचं पाणी भरलं होतं, आधी मुलगी म्हणून खालून, मग सून म्हणून वरून येऊन. सड्यावर पहिला पूर येऊन पऱ्या तांबडा झाला, की मागाहून उपळही तांबडी व्हायची. म्हशी पऱ्यात बसल्या की खाली पाणी गढूळ यायचं. हे तिने पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावायची वेळ आली नव्हती. आता आली. तोंड बुजवलं, चिकणमातीने पाणी मुरायचंही थांबलं, आणि पुढच्याच हिवाळ्यात उपळ गेली.

ती तात्यांकडे गेली. तात्यांनी ऐकून घेतलं.

"पाणी खालनं जातं हे कुणी बघितलंय?" ते म्हणाले.

"नाय बघितलं."

"आणि उघडून खाली नाय पोचलं तर? तळंही जाईल, उपळही नाय. दोन्ही वाड्या उघड्या पडतील."

"व्हय."

तात्या म्हणाले, "ती धाकूची जागा हाय. तुजा नवरा तिथं हाय असं आम्ही धरून चाललोय. हात लावायचा हक्क तुजा. मी अडवणार नाय, नि कुणाला मदतीलाही सांगणार नाय. पण उद्या कळशी घेऊन वाडीतल्या बायकांसमोर उभं तुला राहायचंय, एवढं ध्यानात ठेव."

आवडा धाकूची पहार घेऊन तळ्यात उतरली. चैत्रामुळे पाणी कमरेइतकंच राहिलं होतं. आधी तिने तो घडीव चिरा हलवला, मग माती उकरली, मग एकेक धोंडा काठाशी आणून टाकू लागली. काठावर बायका जमल्या. कुणी शिव्या दिल्या. कुणी हात जोडले, "नको गो, पोरं तहानेनं मरतील आमची." तिने ऐकलं आणि पुढचा धोंडा उचलला. नखं उलटली होती, तेही तिला कळत नव्हतं.

मग तानाबाई आली. बाकीच्यांनी तिला वाट करून दिली.

"माज्या लेकाच्या अंगावरची माती काढतेस?" तिने विचारलं.

आवडा थांबली. सासूला ती आत्याबाय म्हणायची. "आत्याबाय, तो हितं नाय. आपण दगडावर दगड ठेवले. पाणी गेलं तिकडं तो गेला."

"कुठं गेला?"

"खाली. माज्या माहेराकडं."

असं सांगतात की तानाबाई हे ऐकून वळली आणि घराकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात देव्हाऱ्यातला हळदीचा करंडा होता, आणि दुसऱ्या हातात घरातली होती नव्हती तेवढी हळद, पुढच्या सणासाठी कुटून ठेवलेली. ती लुगड्यानिशी पाण्यात उतरली. सगळ्या वाडीदेखत तिने ते सुनेच्या हातात दिलं.

"हे सोड पाण्यात. गेला असंल तर हे पण जाईल. नसंल गेला, तर हळद हितंच फिरत राहील, नि मी रोज तुज्या कपाळाला लावत राहीन. पण एकदाचं मला कळू दे."

दोघींनी मिळून शेवटचा ओंडका उपटला. खालून एक लांब घुरघुर आली आणि तळं हललं. आवडाने हळद सोडली. पिवळा पट्टा पाण्यावर पसरला, फिरला, आकसत गेला आणि त्या तोंडातून आत गेला. बघता बघता चिखल उघडा पडला. बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. तानाबाई सुनेला म्हणाली, "तू जा खाली. माज्यानं कडा उतरवत नाय. कळलं की सांगायला ये."

आवडा ओल्या लुगड्याने कडा उतरली. खालच्या वाडीला तिने सगळं सांगितलं. माणसं उपळीपाशी येऊन बसली. वाळू कोरडी होती. उन्हं फणसाच्या बुंध्यापर्यंत आली, पुढे सरकली, तरी वाळू कोरडीच. कुणीतरी म्हणालं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. कुणीतरी उठून गेलं. आई तिच्या शेजारी बसून राहिली.

मग उपळीने आधी श्वास सोडला म्हणे. दगडांच्या सांदीतून गार वारा आला, वाळूला बुडबुडे आले, ती काळपट ओली झाली. मग तांबडा चिखल वर आला, दाट, रटरटणारा. पोरं ओरडली. आवडा हलली नाही. चिखल विरळ झाला, पाणी निवळत गेलं, आणि मग त्या निवळत्या पाण्यात पिवळी रेघ उतरली. आधी दोऱ्यासारखी, मग हाताएवढी, मग अख्खी उपळ पिवळी झाली.

आवडाने पाण्यात हात घातला. काढला. पुन्हा घातला.

"आये," ती म्हणाली, "गार हाय गो."

इथे सांगणाऱ्यांत दोन मतं आहेत. कुणी सांगतात की त्यानंतर ती अशी रडली की वरच्या वाडीत तानाबाईला तिचा आवाज गेला आणि निरोप सांगायला कुणाला कडा चढावा लागला नाही. कुणी सांगतात की ती रडली नाही. तिने फक्त दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून ठेवले आणि उलटलेली नखं झोंबली तशी "हाय हाय" केलं, एवढंच. आई मात्र त्या पिवळ्या पाण्याच्या ओंजळीवर ओंजळी प्यायली. ते माहेरचं पाणी होतं, त्याला रीत आडवी येत नव्हती.

संध्याकाळी ती वर सासूकडे गेली. दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून धाकूचं सुतक धरलं. वर्ष उलटून गेलं होतं, तरी वाडीने ते मानलं.

पाणी पावसापर्यंत जेमतेम पुरलं. वरच्या वाडीच्या बायका पुन्हा कडा उतरू लागल्या. आवडाशी त्या कित्येक दिवस बोलल्या नाहीत. पण उपळीवर गेलं की खालच्या वाडीतल्या बायका आपल्या कळश्या मागे घेत आणि वरच्यांना आधी भरू देत, त्यामुळे राग फार काळ धरता आला नाही. तोंड पुन्हा कुणी बुजवलं नाही. दर पावसाने त्याच्या कडा खाली बसत गेल्या आणि ही परात झाली. आवडा म्हातारी होऊन गेली. तिने दुसरं लग्न केलं, असं काही जण सांगतात. खरंखोटं देवीला माहीत.

आजही सांडवण्यात माणूस गेला की घरच्यांना कुणी 'रडा' म्हणत नाही. अंत्यविधी वेळच्या वेळी होतात, पण रडण्याची सक्ती नाही. घरचं कुणीतरी मूठभर हळद आणून गिळणीत सोडतं. नात्यातली एक बाई खाली उपळीवर जाऊन बसते. पिवळं पाणी दिसलं की ती हाक देते, आणि मग ज्याला जसं रडायचं त्याने तसं रडावं. कुणाला तेव्हाही आलं नाही, तर त्यालाही कुणी काही म्हणत नाही.

उन्हाळ्यात माणूस गेला तर अडचण होते, कारण पऱ्याला पाणी नसतं. मग हळदीची पुडी बांधून घरात कोनाड्यात ठेवतात. पऱ्या वाहू लागला की ती सोडतात. तोवर ते घर आपलं शेण काढतं, भाकरी भाजतं, बाजाराला जातं. आमच्या खालच्या आळीतल्या शांतारामाची बायको यंदा चैत्रात गेली. पुडी अजून कोनाड्यात आहे. परवा तो गुरं घेऊन चालला होता, बायका बांधावर होत्या. त्यांनी त्याला फक्त एवढंच विचारलं, गाय व्यायली का. तो म्हणाला, अजून नाही.